गोल्फ रेंज : सरावाचे चेंडू आणि स्वतःचे चेंडू आणण्याचा नियम

गोल्फच्या सरावासाठी आखलेल्या मैदानाला ड्रायव्हिंग रेंज म्हणतात. खेळणारे नुसते ‘रेंज’ म्हणतात. एका कडेला ओळीने मांडलेले बे, म्हणजे मारण्याचे कप्पे, प्रत्येक बेमध्ये कृत्रिम गवताची मॅट आणि रबराची टी, समोर अंतराच्या पाट्या रोवलेले मोकळे मैदान, अशी तिची रचना असते. खेळाडू पैसे भरून टोकन घेतो, यंत्रातून बादलीभर चेंडू काढतो, एकामागून एक मारतो आणि ते तिथेच सोडून घरी जातो. मारायच्या काठ्या, म्हणजे क्लब, स्वतःचे, हातमोजा स्वतःचा, बूट स्वतःचे. चेंडू मात्र रेंजचा. जगभरातल्या बहुतेक रेंजवर स्वतःचे चेंडू मारायला मनाई असते. नव्याने शिकणाऱ्याला हा नियम हमखास खटकतो. घरी चांगले चेंडू असताना झिजलेले, पट्टे मारलेले चेंडू पैसे देऊन का मारायचे, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

पैशाचे कारण उघड आहे. रेंजची कमाई चेंडूंवर चालते. जपानमध्ये अनेक ठिकाणी दर चेंडूमागे पैसे मोजले जातात, तर काही ठिकाणी ठरावीक वेळात हवे तेवढे चेंडू मारण्याची सोय असते. पहिल्या पद्धतीत कोणी पिशवीभर चेंडू घरून आणले, तर जागेचे, दिव्यांचे, गवताच्या निगेचे भाडे कुणीच भरले नाही असे होईल. पण नियमामागे एवढेच कारण असते, तर वेगळे प्रवेशशुल्क लावून तो मोडता आला असता. खरी अडचण चेंडू हवेत गेल्यावर सुरू होते.

मैदानावर पडलेल्या हजारो चेंडूंमधून स्वतःचे वेचायला कुणालाही आत जाऊ देता येत नाही, कारण बाकीच्या बेमधून मारा चालूच असतो. चेंडू गोळा करण्याचे काम जाळीच्या पिंजऱ्यात बसलेला चालक करतो. त्याच्या गाडीला जोडलेल्या चकत्यांच्या फटींत चेंडू अडकतात आणि टोपल्यांत पडतात. बेल्जियमच्या बेलरोबोटिक्ससारख्या कंपन्यांनी हेच काम करणारे यंत्रमानवही बनवले आहेत. गोळा केलेले चेंडू धुलाईयंत्रातून पुन्हा वितरणयंत्रात जातात. या चक्रात परका चेंडू शिरला की तो रेंजच्याच साठ्यात जिरतो. आणणाऱ्याचा चेंडू गेला तो गेलाच. उलट त्याने परत जाताना पिशवीत चार चेंडू टाकले, तर ते त्याचेच आहेत की रेंजचे, हे दारावरच्या माणसाने कसे ओळखावे? रेंजचे चेंडू पिवळे असतात किंवा त्यांच्यावर लाल-काळे पट्टे आणि रेंजचे नाव छापलेले असते, ते याचसाठी. चेंडू बाहेर नेऊ नका आणि बाहेरचा आत आणू नका, या दोन सूचना शेजारी शेजारी लागतात, त्याचे कारणही हेच.

मैदानावर पडलेला चेंडू कुणाचा, हा प्रश्न इंग्लंडमध्ये न्यायालयापर्यंत गेलेला आहे. 1948 च्या हिबर्ट विरुद्ध मॅकिएर्नन या खटल्यात परवानगीशिवाय गोल्फ मैदानावर शिरून खेळाडूंनी हरवलेले चेंडू उचलणाऱ्याला चोरीसाठी दोषी धरण्यात आले. मूळ मालकाने चेंडूचा नाद सोडला, तरी तो बेवारस होत नाही, जमीन ताब्यात असलेल्या गोल्फ क्लब या संस्थेचा त्यावर हक्क राहतो, असा त्या निकालाचा आशय आहे. 2002 मध्ये लेस्टरशायरमधल्या एका मैदानाच्या तळ्यातून रात्री चेंडू काढणाऱ्या पाणबुड्याला सहा महिन्यांची कैद झाली. अपिलात शिक्षा सौम्य झाली, तरी कृत्य चोरीचेच ठरले. हे दोन्ही खटले खेळाच्या मैदानांबद्दलचे आहेत आणि इंग्लंडच्या कायद्यातले आहेत. पण आपलाच चेंडू परत आणायला रेंजवर उतरू पाहणाऱ्याने ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

सगळ्यांत वजनदार कारण अंतराचे आहे. अमेरिकेतल्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेतल्या व्यावसायिकाने ड्रायव्हर या लांब पल्ल्याच्या क्लबने मारलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी सरासरी 275 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 250 मीटरच्या आसपास जातो. हौशी खेळाडूंतही जोरकस मारणारे कमी नसतात. शहरात एवढी लांब मोकळी जागा मिळणे दुरापास्त असते. म्हणून रेंजवाले दोन उपाय करतात: उंच खांबांवर जाळ्या ताणतात आणि कमी उडणारे चेंडू घेतात. मैदानाची लांबी आणि जाळीची उंची त्या मंद चेंडूच्या हिशेबाने बेतलेली असली, तर घरून आणलेला एक चांगला चेंडू तो हिशेब मोडतो. जाळीपलीकडे रस्ता असतो, घरे असतात, चालणारी माणसे असतात. अशा ठिकाणी मनाईच्या नियमाला सवलत मागणे गैर आहे, मग खेळाडू कितीही कुशल असो.

चेंडू मंद कसा करतात, हे कळले की रेंजच्या चेंडूबद्दलची तक्रारही उमगते. खेळाच्या नियमांप्रमाणे चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. या मर्यादेत राहून जास्तीत जास्त अंतर आणि ताबा देणारे चेंडू बनवण्याची चढाओढ कंपन्यांमध्ये चालते. टायटलिस्टचा प्रो व्ही वन 2000 साली व्यावसायिकांच्या हाती आला तेव्हापासून रबराचा गाभा, त्यावर आणखी थर आणि सर्वांत बाहेर युरेथेनचे मऊ आवरण, ही घडण वरच्या दर्जाच्या चेंडूंत रूढ झाली. मऊ आवरणामुळे वेज या आखूड फटक्यांच्या क्लबने मारलेला चेंडू क्लबच्या खाचांना धरतो, जोरात फिरतो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, पडताच थांबतो. रेंजला असा चेंडू परवडत नाही. तिला हजारो फटके खाऊन न फाटणारा चेंडू लागतो. म्हणून तिथे एकाच साच्यातला अखंड चेंडू, नाहीतर सर्लिनसारख्या चिवट आवरणाचा दोन थरांचा चेंडू वापरतात. तो कडक लागतो, वेजवर कमी फिरतो आणि अनेकदा कमी अंतर जातो.

त्यात झीज असते. चेंडूवरचे खळगे शोभेसाठी नसतात; उडत्या चेंडूमागची हवेची ओढ कमी करून फिरत्या चेंडूला वर उचलून धरण्याचे काम ते करतात. पूर्ण गुळगुळीत चेंडू खळग्यांच्या चेंडूच्या जवळपास निम्मेच अंतर जातो. एकोणिसाव्या शतकात गट्टापर्चाचे गुळगुळीत चेंडू आले, तेव्हा ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा सरळ आणि लांब जातो हे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मग कारागीर नव्या चेंडूंवर हातोडीने मुद्दाम खुणा ठोकू लागले. रेंजवर नेमके याच्या उलट घडते. मॅटवर, क्लबवर आणि धुलाईयंत्रात घासून खळग्यांच्या कडा बोथट होतात. एकाच बादलीत नवा, अर्धा झिजलेला आणि तडा गेलेला चेंडू शेजारी असतात. सात नंबरच्या आयर्न क्लबने एक चेंडू 140 यार्ड आणि पुढचा 128 यार्ड गेला, तर दोष स्विंगचा की चेंडूचा, हे खेळाडूला कळायला मार्ग नसतो. जो माणूस आपले अंतर मोजायला रेंजवर येतो, त्याची ही अडचण खरी आहे. स्विंगची लय, खांद्याचे वळण, चेंडूशी नेमकी गाठ, हे सगळे कुठल्याही चेंडूवर घोटता येते. अंतराचा तक्ता मात्र रेंजच्या चेंडूवरून बनवू नये.

चेंडूच जागेला जुळवून घेण्याचा विचार रेंजबाहेरही झाला आहे. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर जागा अपुरी होती, तेव्हा 1980 च्या दशकात गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी आखलेल्या ब्रिटानिया मैदानासाठी केमन बॉल नावाचा हलका चेंडू वापरात आणला गेला. त्यावर खळग्यांऐवजी उंचवटे होते आणि तो नेहमीच्या चेंडूच्या साधारण निम्मे अंतर जाई. मुंबईत चेंबूरच्या गोल्फ क्लबवर कॅडीचे, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचे, काम करणाऱ्या तरुणांनी वस्तीच्या गल्लीबोळांत गोल्फ मांडला, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग काढला: वाकवलेल्या लोखंडी सळईचा क्लब आणि प्लास्टिकचा हलका चेंडू. खिडक्या आणि माणसे शाबूत ठेवून खेळ चालू राहावा, ही गरज दोन्हीकडे सारखीच होती. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुद्झोवाती यांच्या छायाचित्रांनी या गल्लीतल्या गोल्फची ओळख जगाला करून दिली.

पाण्यावर मारा करण्याच्या रेंजला तर वेगळा चेंडू अपरिहार्यच असतो. नियमातल्या किमान व्यासाच्या चेंडूचे आकारमान जेमतेम 40.7 घन सेंटिमीटर भरते. म्हणजे त्याचे वजन 40 ग्रॅमच्या आसपास उतरवल्याशिवाय तो गोड्या पाण्यावर तरंगत नाही. खेळातला 45 ग्रॅमचा चेंडू थेट तळ गाठतो. तरंगणारे चेंडू जाळ्याने ओढून काठावर आणतात. तिथे खिशातला चेंडू मारणे म्हणजे तळ्यात कचरा टाकणेच आहे.

गेल्या दोन-अडीच दशकांत नियमाला आणखी एक आधार मिळाला. इंग्लंडमध्ये 2000 साली स्टीव्ह आणि डेव्ह जॉलिफ या जुळ्या भावांनी सुरू केलेल्या टॉपगोल्फने चेंडूतच चिप बसवली. चेंडू लक्ष्याच्या खड्ड्यात पडला की तो कुणी मारला आणि त्याला किती गुण, हे यंत्रणेला कळू लागले. तिथे स्वतःचे क्लब चालतात. बिनचिपचा चेंडू मात्र अशा चिपच्या यंत्रणेच्या लेखी नसल्यातच जमा. स्वीडनमध्ये जन्मलेली टॉपट्रेसर कॅमेऱ्यांनी आणि डेन्मार्कची ट्रॅकमन रडारने उडता चेंडू टिपते. त्यांना चिप लागत नाही, पण चेंडू कोणत्या जातीचा हे माहीत असले तर आकडे जास्त भरवशाचे होतात. ट्रॅकमनची रेंजवरची यंत्रणा रेंजच्या चेंडूचे उड्डाण मोजून तोच फटका चांगल्या चेंडूवर किती गेला असता, हे हिशेबाने दाखवू शकते. खेळाडूच्या तक्रारीवर आजवर निघालेला हा सर्वांत समंजस तोडगा आहे. त्याने कुणाची जाळी ओलांडली जात नाही आणि खेळाडूला उपयोगी आकडा मिळतो.

जिथे ही यंत्रे नाहीत, तिथे रेंजने निदान एवढे करावे: कोणता चेंडू वापरतो, तो कमी उडणारा आहे का आणि साठा केव्हा बदलला, हे पाटीवर लिहावे. जपानमधल्या काही रेंज आपण दोन थरांचा चेंडू वापरतो हे जाहिरातीतच सांगतात आणि खेळाडू त्यावरून रेंज निवडतात. मनाई करणाऱ्याने आपल्या मालाची माहिती द्यावी, ही अपेक्षा जास्त नाही.

मनाई सगळीकडे सारखी नसते. पटिंग ग्रीनवर स्वतःचे चेंडू चालतात, किंबहुना तिथे तेच अपेक्षित असतात. रेंजचा चेंडू पटिंगला नेला तर काही क्लबवर हटकतात. चिपिंगच्या जागेवर आणि सरावाच्या बंकरमध्ये बहुतेक ठिकाणी स्वतःचे चेंडू मारून स्वतःच वेचायचे असतात. समोर जाळी बांधलेल्या बेमध्येही हरकत नसते, कारण चेंडू चार पावलांवर पडतो. काही जुन्या क्लबांकडे सदस्यांसाठी वेगळा सराव-पट्टा असतो. तिथे आपली पिशवी न्यायची, मारायचे आणि चालत जाऊन गोळा करायचे. चेंडू आपण वेचू शकतो का आणि वेचताना कुणाच्या माऱ्यात येतो का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर परवानगी ठरते.

पूर्वी सगळाच सराव असा होता. खेळाडू जुने चेंडू शॅग बॅग नावाच्या पिशवीत भरून आणी आणि कॅडी दूर उभा राहून पडलेले चेंडू गोळा करी. अमेरिकी गोल्फपटू बेन होगन यांच्या अखंड सरावाच्या हकिकतींत असा कॅडी नेहमी भेटतो; होगन यांचे फटके इतके नेमके असत की त्याला फारसे हलावे लागत नसे, असे सांगतात. कॅडीला मात्र समोरून येणारे चेंडू अंगावर झेलण्याचा धोका पत्करावा लागे, आणि शेजारी दुसरा कुणी सराव करत असला तर तो धोका दुप्पट होई. नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टमध्ये 1913 च्या सुमारास आखलेली ‘मॅनिअॅक हिल’ ही अमेरिकेतली पहिली खास सरावाची जागा मानली जाते. सरावाची स्वतंत्र जागा, सामाईक चेंडू आणि पिंजऱ्याची गाडी ही व्यवस्था पुढे रुळली आणि चेंडूंसमोर माणूस उभा करण्याची गरज संपली. आज पीजीए टूरच्या स्पर्धांत रेंजवर निरनिराळ्या कंपन्यांचे नवेकोरे चेंडू जातवारीने ठेवलेले असतात आणि खेळाडू सामन्यात खेळतो तोच चेंडू मागून घेतो. ही चैन साध्या रेंजला झेपणारी नाही.

रेंजचा चेंडू खेळाच्या मैदानात नेणे हा उलटा गुन्हा. क्लबांच्या दृष्टीने ती चोरी आहे. शिवाय स्पर्धेत मान्य यादीतलेच चेंडू वापरण्याचा स्थानिक नियम लावलेला असेल, तर रेंजचा खास चेंडू बाद ठरू शकतो. भरकटून मैदानात आलेल्या सरावाच्या चेंडूची मात्र नियमांनी आपुलकीने दखल घेतली आहे. फेरी चालू असताना सरावाचा फटका मारण्यावर गोल्फच्या नियम 5.5 मध्ये निर्बंध आहेत. पण असा चेंडू केवळ सौजन्य म्हणून सरावाच्या जागेकडे परत मारला, तर तो सरावाचा फटका धरत नाहीत आणि दंडही होत नाही.