पडद्यापलीकडचा माणूस : दूरस्थ समुपदेशनाचा पूर्वेतिहास

१/ चिंता, न्यूनभाव, ‘मी नेमका कोण?’ हा प्रश्न. अशा गोष्टींविषयी आज अनेक तरुण मोबाइलच्या पडद्यावरून समुपदेशकाशी बोलतात. करोनाकाळात ही पद्धत रूढ झाली. परंतु घरी उच्चारता न येणारी गोष्ट दूरच्या अनोळखी माणसाला सांगण्याची वाट इंटरनेटहून जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा मराठीत आहे.

२/ जुलै १९२७ मध्ये गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन हे त्याचे मुख्य विषय. वाचक पत्राने शंका विचारीत, कर्वे मासिकातून उत्तरे देत. आजच्या अर्थाने हा मानसोपचार नव्हे. पण प्रश्नकर्त्याला समोर बसावे लागत नसल्याने, जिभेवर न येणारी भीती कागदावर उतरू शकत होती.

३/ या उत्तरांची किंमत मोजावी लागली. स्वमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र चालू राहिले.

४/ १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये कर्वे निवर्तले. पुढच्याच महिन्यात, २ नोव्हेंबर रोजी, लंडनमधील एका चर्चमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने संकटग्रस्तांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ झाली. तिच्यामागे १९३५ मधील एक आठवण होती. मासिक पाळीला गुप्तरोग समजून जीव दिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी व्हारांना करावा लागला होता. त्या मुलीला विचारायला कोणी नव्हते.

५/ दूरध्वनीने आवाज पोहोचवला. चेहरा पोहोचवला दूरचित्रवाणीने. अमेरिकेतील नेब्रास्कात मनोविकारतज्ज्ञ सेसिल विटसन यांनी १९५९ मध्ये दुहेरी दूरचित्रवाणीवरून समूहोपचाराचे प्रयोग केले. १९६४ मध्ये त्यांची संस्था सुमारे १८० किलोमीटरवरील नॉरफोक येथील सरकारी मनोरुग्णालयाशी याच मार्गाने जोडली गेली. आजच्या व्हिडिओ सत्राची ही पूर्वज.

६/ मग पलीकडचा माणूसच वगळला तर? १९६६ मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचेच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारी. ती तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सचिव बाईंनीही, तिच्याशी बोलताना वायझेनबाउमना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! यंत्राला काहीच समजत नव्हते, तरी माणूस मन मोकळे करीत होता. याने निर्माताच अस्वस्थ झाला. १९७६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्रावर कोणती कामे सोपवू नयेत, याची चर्चा केली.

७/ १९८६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने ‘अंकल एझ्रा’ ही सेवा सुरू केली. विद्यार्थी नाव न सांगता संगणकावरून प्रश्न विचारीत आणि उत्तर लिहिणारा माणूसच असे. सहा दशकांपूर्वीचा ‘समाजस्वास्थ्य’चा पत्रव्यवहार जणू तारांवरून पुन्हा सुरू झाला.

८/ भारतात मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क डिजिटल स्वरूपातील माहितीलाही लागू केला. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे.

९/ पत्र, दूरध्वनी, दूरचित्रवाणी, संगणक : साधने पालटली, गरज तीच राहिली. अंतरामुळे संकोच सुटतो, हे प्रत्येक टप्प्यावर दिसते. पण केवळ बोलते होणे पुरेसे नाही. बोलते तर ‘एलायझा’नेही केले. कर्व्यांनी स्वतःच्या नावाने उत्तरे दिली आणि त्यांसाठी न्यायालयात उभे राहिले. म्हणून पडद्यासमोर बसणाऱ्याने दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात : पलीकडे कोण आहे, त्याची पात्रता काय? आणि माझ्या शब्दांची जबाबदारी कोणावर? प्रामाणिक समुपदेशकाला या प्रश्नांचा राग येत नाही.