खरवड

एस.टी. शेवटचं वळण घेते आणि तुमच्या कानांना दडे बसतात. परतवाड्यात पुरेसा वाटलेला स्वेटर इथे, सुमारे 1100 मीटरवर, अगदीच केविलवाणा ठरतो. साल 1973, महिना डिसेंबर. खिशातला मोबाइल चाचपू नका, त्याला अजून बराच अवकाश आहे. चिखलदऱ्यात उतरलेले लोक देवी पॉइंटाकडे, भीमकुंडाकडे वळतात. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले, ही कथा सांगायला जो तो उत्सुक. तुम्ही मात्र धुराच्या मागे जा. लाकडाच्या धुरात दुधाचा गोडसर वास मिसळलाय.

कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, मधोमध भट्टी. कढईवर वाकलेला गवळी मान वर करत नाही.

"बसा ना बाप्पा. कुठले व्हय तुम्ही?"

"अमरावतीचे," एवढंच सांगा. कोणत्या सालातले, ते विचारलेलं नाही.

"खवा पाह्यजे?"

"हो."

"मंग थांबा लागते. अजून दूधच हाय ते. घाई केली त बुडाले लागते."

थांबा. त्याचा हात पाहा. लोखंडी उलथणं कढईच्या बुडाला घासत एका लयीत फिरतंय. खांदा हलतो, मनगट जवळजवळ नाहीच. आधी पातळ खळखळाट, मग जाड बुडबुडे, मग लापशीसारखा लगदा, आणि शेवटी कढईच्या कडा सोडून गोळा होत जाणारा खवा. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर. हा खटाटोप चवीसाठी सुरू झाला असं पर्यटकांना वाटतं. मला ते पटत नाही. खाली परतवाड्याचा बाजार तीसेक किलोमीटरवर, मधे घाट. दूध पोचेपर्यंत फाटणार. आटवलं की ओझं पाचवा हिस्सा होतं आणि माल दोन-तीन दिवस तग धरतो. चव हा घाटाचा वरकड नफा.

शेजारच्या कढईत रबडी. तिथे उलटाच न्याय: ढवळायचं नाही. मंद आच, वर साय धरली की काडीनं ती कढईच्या कडेला लावायची, पुन्हा साय, पुन्हा कडेला. शेवटी साखर घालून ते सगळे पापुद्रे आटलेल्या दुधात सोडायचे. दक्षिण चीनमध्ये, कँटनच्या बाजूला शुन्दे नावाचं गाव आहे. तिथेही म्हशीच्याच दुधावर साय धरू देतात, ती अलगद भोसकून खालचं दूध ओतून घेतात, त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून परत सायीखाली सोडतात आणि वाफवतात. दोन साईंचं दूध म्हणतात त्याला. म्हैस कुठलीही असो, साय फुकट घालवणारा माणूस अजून जन्मायचाय.

बाहेर म्हशी रवंथ करताहेत. पाठीवर तलवारीसारखी मागे गेलेली लांब शिंगं: एलिचपुरी, म्हणजे आपली नागपुरी. पलीकडे गाविलगड धुक्यात आहे. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीनं तो घेतला हे पुस्तकात असतं. गडाचं नाव गवळ्यांवरून पडलं असं मानतात, ते मात्र लोक विसरतात. किल्लेदार बदलले, म्हशी राहिल्या.

"वाघ येतो का इकडं?" तुम्ही विचारता.

"येते ना. नेते एखादी वगार. त्याचं काय, तो त जुना गिऱ्हाईक हाय. पैसे देत नाई, एवढंच."

तो हसतो. तुम्ही हसत नाही. नवं साल लागलं की मेळघाट व्याघ्र प्रकल्प होणार, मग या रानात कोणाची जनावरं चरायची यावर कागद निघणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोंड उघडता. कढईतून वाफ येते, चष्मा धुरकटतो, आणि तो पुसेपर्यंत बोलायचं राहून जातं.

खवा उतरला. गवळी रिकामी कढई कलती करतो आणि बुडाची तपकिरी, किंचित करपलेली खरवड खरडून पळसाच्या पानावर घेतो. इतका वेळ भिंतीशी उकिडवं बसलेलं पोरगं उठून उभं राहतं. ती त्याची रोजची.

गवळी एकदा त्याच्याकडे पाहतो, एकदा तुमच्याकडे.

"पाहुणे हायत रे. अर्धी अर्धी."


पोरगं पान फाडतं. मोठा तुकडा स्वतःकडे ठेवतं.