घरी बसलेल्या प्रेक्षकाची भीती

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातल्या व्याख्यानात मी ठासून सांगितले होते, की ‘बॅक टू स्क्वेअर वन’ हा इंग्रजी वाक्प्रयोग, म्हणजे आपले ‘ये रे माझ्या मागल्या’, फुटबॉलच्या रेडिओ समालोचनातून आला. कथा मोठी गोड आहे. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या सामन्याचे धावते वर्णन ऐकवले. फुटबॉलचे ते तिथले पहिलेच. मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा ‘रेडिओ टाइम्स’ने आधी छापला होता. टेडी वेकलम खेळाचे वर्णन करीत आणि शेजारी बसलेला सहकारी चेंडू असलेल्या चौकोनाचा आकडा पुकारी. श्रोत्याने तो आकडा ऐकून नकाशात चेंडू शोधायचा.

इथवर सारे खरे. पण वाक्प्रयोगाचे जुने छापील उदाहरण शोधू लागलो, तेव्हा मला सापडले ते १९५२ सालचे. आणि त्यात उपमा फुटबॉलची नव्हती, सापशिडीची होती. आपल्या मोक्षपटाच्या कुळातल्या खेळाची!

चूक सुधारण्याच्या नादात मी या विषयात ओढला गेलो आणि त्या नकाशामागचे दोन प्रश्न दिसले. जो मैदानावर नाही त्याला खेळ दाखवायचा कसा? आणि दाखवला, तर मैदानावर येईल कोण?

पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. हायबरीच्या आदल्याच आठवड्यात वेकलम यांनी ट्विकनहॅमहून इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे वर्णन केले होते. तेव्हा सेंट डन्स्टन्स या अंधांसाठीच्या संस्थेतला एक रग्बीप्रेमी त्यांच्यासमोर बसवला होता. या एका माणसाला सांगतो आहोत असे समजून बोलायचे, अशी ती युक्ती. जुन्या समालोचनाबद्दल वाचताना मला नेहमी तो अनाम श्रोता आठवतो.

दुसरा प्रश्न मात्र चिघळत राहिला. क्लबांचे पोट गेटवरच्या पैशावर. पाऊस पडत असताना रेडिओ लावून शेकोटीपाशी बसणारा माणूस तिकीट कशाला काढील? १९३१ मध्ये, मंदीच्या दिवसांत, फुटबॉल लीगने आपल्या सामन्यांच्या रेडिओ समालोचनावर बंदी घातली.

दूरचित्रवाणी आली तशी ही भीती आणखी वाढली. १९६० मध्ये आयटीव्हीने लीगशी थेट प्रक्षेपणाचा करार केला. १० सप्टेंबरला ब्लॅकपूल-बोल्टन सामन्याचा काही भाग दिसला, बोल्टन १-० ने जिंकले. पुढे आर्सेनल आणि टॉटनहॅम यांनी कॅमेरे आत घेण्यास नकार दिला आणि करार कोसळला. १९६४ मध्ये बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ सुरू झाला, तोही फक्त ठळक क्षणचित्रांचा. २२ ऑगस्टच्या पहिल्या भागात लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरवले. तो पाहणारे सुमारे २० हजार होते, आणि त्या दिवशी अ‍ॅनफिल्डवर माणसे होती त्याच्या दुपटीहून जास्त!

या भीतीचा सर्वांत कडवा वकील म्हणजे बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड. धंदा मांसविक्रीचा, गाव कापडगिरण्यांचे. त्यांनी ‘मॅच ऑफ द डे’च्या कॅमेऱ्यांना पाच वर्षे मैदानात पाऊल ठेवू दिले नाही. शनिवारी दुपारी बडे सामने थेट दिसू लागले तर छोट्या गावांतले क्लब बुडतील, हे त्यांनीच लीगला पटवले. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण नाही, हा नियम त्यातूनच आला.

ही भीती खरी होती का? आकडे वेगळे सांगतात. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १० लाखांवर प्रेक्षक आले; १९८५-८६ मध्ये १ कोटी ६५ लाख. लीगचे सामने थेट दाखवणे नियमितपणे सुरू झाले ते १९८३ मध्ये. म्हणजे घसरणीची बहुतेक वर्षे थेट प्रक्षेपणाविनाच गेली. गर्दी घटवली ती पडझडलेल्या मैदानांनी, हाणामाऱ्यांनी आणि करमणुकीच्या नव्या साधनांनी.

१५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या चेंगराचेंगरीने ९७ बळी घेतले. टेलर अहवालाने उभ्याने पाहण्याच्या पायऱ्या काढून सर्वत्र आसने बसवायला सांगितले. तिकिटे महाग करा, असे त्यांनी सुचवले नव्हते, ती महागली. १९९२ मध्ये बडे क्लब वेगळे होऊन प्रीमियर लीग झाली. पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांची किंमत ३० कोटी ४० लाख पौंड ठरली, आणि थेट सामना पाहायचा तर घरावर स्कायची तबकडी व खिशात वर्गणीचे पैसे लागू लागले. मैदाने मात्र ओस पडली नाहीत, पुन्हा भरली. बॉब लॉर्ड यांचे भाकीत चुकले. पण गिरणीतून सुटून थेट पायऱ्यांवर जाणाऱ्या माणसाच्या वारसाला तिकीटही जड झाले आणि वर्गणीही. मैदान रिकामे होईल ही भीती साऱ्यांना होती. ते दुसऱ्याच माणसांनी भरेल, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर तालमींच्या संघांसाठी घसा फोडत वाढलो. त्यामुळे पायरी म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

लॉर्ड यांच्या भीतीतून आलेला तो नियम आजही पाळला जातो. हिवाळ्यात इंग्लंडात शनिवारी दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. ते सामने परदेशांत दाखवता येतात, म्हणून त्या मैदानांचे तिकीट जन्मात न काढलेला मी जेवणाचे ताट पुढ्यात घेऊन ते पाहतो. त्याच वेळी मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, तिकीट न परवडणारा म्हातारा १९२७ च्या श्रोत्यासारखा रेडिओला कान लावून बसलेला असतो. त्याच्यापुढे नकाशाही नसतो.