भिंतीवरच्या तारा

मुंबईत १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी निघाली, १९०७ साली विजेची ट्राम धावली आणि पुढे हळूहळू चाळींतले कंदील गेले. गिरगावातल्या आमच्या घरी मात्र आजोबांच्या काळचं वायरिंग परवापर्यंत होतं. लाकडी पट्टीच्या खाचेतून गेलेल्या, रबर आणि सुती वेष्टणाच्या तारा.

गेल्या पावसाळ्यात बटणाला हात लावताच आईला झिणझिण्या आल्या. वायरमनने पट्टी उघडली, तर रबराचा बोटांत भुगा झाला. मागच्या खोलीत ॲल्युमिनियमच्या तारा निघाल्या. १९६०च्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे त्या घरोघरी आल्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबतं, जोड सैल होतो आणि तापतो. आमचा बोर्ड मागून काळा पडला होता.

‘‘पण दिवे तर लागतात!’’ मी म्हटलं.

‘‘साहेब, हे वायरिंग दोन दिव्यांसाठी केलेलं. गिझर त्याला कुठला माहीत!’’

त्याने मेगर लावला. ५०० व्होल्टला किमान एक मेगओहम हवा. आमचा काटा शून्यालाच चिकटलेला. अर्थिंग तर नव्हतंच.

मग मी वाद घातला नाही. तांब्याच्या तारा, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच, सगळं नवं केलं. तुमचंही घर जुनं असेल, तर दिवे लागतात एवढ्यावर विसंबू नका. एकदा मेगर लावून घ्या.