होल्डर, बटण आणि फ्यूज : विद्युत प्रकाशाच्या जोडसाहित्याचा इतिहास

प्रस्तावना :

विद्युत प्रकाशाचा इतिहास बहुतांशी दिव्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पाठ्यपुस्तकांत थॉमस एडिसनचे नाव येते, ब्रिटिश ग्रंथांत त्याच्या बरोबरीने जोसेफ स्वान याचे नाव येते आणि १८७९ हे वर्ष या कथेचा आरंभबिंदू ठरते. परंतु काचेच्या गोळ्यातील तंतू प्रकाशमान करणे ही एक गोष्ट आणि तो दिवा घरात बसवून, हवा तेव्हा लावून व मालवून, निकामी झाल्यावर बदलून वर्षानुवर्षे वापरणे ही दुसरी गोष्ट होय. ही दुसरी गोष्ट होल्डर, बटण, फ्यूज, सिलिंग रोज, चोक यांसारख्या जोडसाहित्यामुळे शक्य झाली. या वस्तूंना इतिहासलेखनात क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात या साहित्याच्या घडणीचा आणि भारतातील त्याच्या वाटचालीचा आढावा घेतला असून, दिव्याचे तंत्र वारंवार बदलले तरी त्याला धरून ठेवणारी व्यवस्था टिकून राहिली आणि तिनेच पुढील दिव्यांचे रूप ठरविले, असे प्रतिपादन केले आहे.

दिवा होता, बटण नव्हते :

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यातील क्रॅगसाइड हे उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांचे निवासस्थान. तेथे १८८० साली जलशक्तीवर निर्माण केलेल्या विजेने स्वानचे दिवे लावण्यात आले. ग्रंथालयातील काही दिवे मिनाकारी केलेल्या तांब्याच्या कलशांवर बसविले होते. कलशाचे तांबेच परतीच्या प्रवाहाचा वाहक होते व कलशाच्या बैठकीत पारा ठेवलेला असे. कलश उचलला की प्रवाह खंडित होऊन दिवा विझे; पुन्हा जागेवर ठेवला की उजळे. म्हणजे जगातील आरंभीच्या विद्युत प्रकाशित घरांपैकी एका घरात दिवा मालविण्यासाठी तो उचलून बाजूला ठेवावा लागत असे. ही युक्ती चतुर होती, पण ती एका श्रीमंत अभियंत्याच्या घरातच शोभणारी होती. सामान्य घरात वीज जाण्यासाठी ज्याला यंत्रशास्त्र ठाऊक नाही अशा माणसाच्या हाताला सुरक्षित वाटेल असे साधन आवश्यक होते.

ही गरज न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली पुढे आणलेल्या शीघ्र-खंडन बटणाने मोठ्या प्रमाणात भागली. आरंभीच्या बटणांत धातूचे संपर्कबिंदू हाताच्या गतीने, सावकाश विलग होत. विलग होताना त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान धरली जाई, धातू जळे व आगीचा धोका निर्माण होई. दिष्ट प्रवाहात हा दोष अधिक तीव्र असतो. होम्सच्या रचनेत संपर्क तोडण्याचे काम स्प्रिंगकडे सोपविलेले होते. वापरणाऱ्याने बटण कितीही हळू दाबले तरी आतील संपर्क झटक्यातच तुटे. बटण दाबताना ऐकू येणारा ‘खट्’ असा आवाज हा या सुधारणेचा वारसा होय.

होल्डरची दोन घराणी :

स्वानच्या आरंभीच्या दिव्यांना टोपी नव्हती. काचेबाहेर आलेल्या प्लॅटिनमच्या दोन कड्या आकड्यांत अडकविल्या जात आणि सर्पिल स्प्रिंग दिव्याला ताणून धरी. एडिसनने पेचाची टोपी निवडली. तिचे अमेरिकी पेटंट १८८१ सालचे आहे. ब्रिटनमध्ये त्याच दशकात बंदुकीच्या संगिनीप्रमाणे दाबून व किंचित फिरवून अडकविण्याची टोपी रूढ झाली. तिच्या दोन बाजूंस दोन खिळ्या असतात आणि होल्डरमधील स्प्रिंगवरील दोन टोके दिव्याला खालच्या बाजूने दाबून धरतात. पेच कंपनाने ढिला होऊ शकतो, खिळी सहसा होत नाही. पेचाच्या होल्डरमध्ये धातूचे बाह्य कवच प्रवाहित असण्याचा संभव असतो. खिळीच्या होल्डरमध्ये कवच परिपथाचा भाग नसते.

एडिसन व स्वान यांच्या ब्रिटनमधील कंपन्या १८८३ साली एकत्र झाल्या, पण त्यांची दोन घराणी मात्र एकत्र झाली नाहीत. अमेरिका व युरोपखंडात पेच राहिला. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींत खिळी राहिली. भारतातील घरांत सर्रास आढळणारा ‘बी-२२’ होल्डर हा या वसाहतकालीन विभागणीचा पुरावा आहे. त्यातील २२ हा आकडा टोपीचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो.

नियमन आणि भारतीय घर :

एडिसनने १८८० सालीच अतिरिक्त प्रवाह येताच वितळून परिपथ तोडणाऱ्या तारेचे पेटंट घेतले होते. फ्यूजची मूळ कल्पना हीच. १८८२ साली लंडनमध्ये विद्युत प्रकाशामुळे उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याबाबत नियमावली तयार झाली. त्याच वर्षी मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीमार्फत विजेचे दिवे लागले. पुढील वर्षी ही कंपनी अवसायनात निघाली व बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळला. दिवे लावणे आणि दिवे लागलेले राखणे यांतील अंतर या एका उदाहरणातून स्पष्ट होते. १९०३ साली भारतीय विद्युत कायदा झाला, १९०५ साली मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि १९१० साली नवा कायदा आला. प्रकाशाला आता कंपनी, कायदा आणि जोडसाहित्य यांचा एकत्रित आधार मिळाला.

भारतीय घरातील जुनी वायरिंग पाहिली तर हा आधार डोळ्यांना दिसतो. भिंतीवरून जाणारी लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपांनी बसविलेली वायर, लाकडी गोलावरील काळे बटण, छताचे सिलिंग रोज, त्यातून लोंबणारा होल्डर आणि मीटरशेजारी चिनी मातीचे फ्यूज, अशी ती रचना असे. पितळ व चिनी माती यांच्या जोडीला बेकेलाइट आले. लिओ बेकलँड याने १९०७ साली शोधलेले हे कृत्रिम द्रव्य उष्णता सहन करणारे, विद्युतरोधक आणि साच्यात सहज घडणारे असल्याने बटण व होल्डर यांसाठी सोयीचे ठरले.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय मानकांनी या वस्तूंना प्रमाणरूप दिले. खिळीच्या होल्डरसाठी आयएस १२५८ व घरगुती बटणांसाठी आयएस ३८५४ ही मानके आहेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी भूसंपर्कित न्यूट्रल वाहकावर एकेरी बटण वा फ्यूज बसविण्यास मनाई केली. कारण बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डर प्रवाहितच राहतो आणि दिवा बदलणाऱ्याच्या जिवावर बेतते. कायद्याची ही ओळ कागदावरून भिंतीवर उतरविणारा माणूस वायरमन होय. त्याच्या कौशल्याची इतिहासात नोंद नाही, परंतु घरातील सुरक्षितता त्यावरच अवलंबून राहिली. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळण्याची सर्वपरिचित सवय याच्या उलट बाजूचे दर्शन घडविते : तार वितळणे हाच जिचा उपयोग, ती वस्तू वितळूच नये अशी व्यवस्था केली की संरक्षण केवळ नावापुरते उरते.

दिवे बदलले, होल्डर राहिला :

कार्बन तंतूच्या जागी टंगस्टन आले, पुढे सीएफएल व एलईडी आले. प्रत्येक वेळी प्रकाशनिर्मितीचे तत्त्व वा द्रव्य बदलले. टोपी मात्र तीच राहिली. ५ जानेवारी २०१५ रोजी आरंभ झालेल्या केंद्र शासनाच्या ‘उजाला’ योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. हे बल्ब घरोघरी जाऊ शकले, कारण ते एकोणिसाव्या शतकातील खिळीच्या होल्डरमध्ये बसतील असेच बनविले होते. वायरमन न बोलावता, भिंत न फोडता गृहिणीने स्वतः जुना गोळा काढून नवा बसविला. ट्यूबलाइटबाबतही असेच घडले. चोक व स्टार्टर अनावश्यक ठरले, तरी एलईडी नळीची चार फुटी लांबी व टोकांच्या दोन पिना जुन्या पट्टीला अनुसरूनच राहिल्या.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की जोडसाहित्य हे दिव्याचे दुय्यम अंग नसून प्रकाशव्यवस्थेचा स्थिर पाया आहे. नव्या तंत्रज्ञानाचा प्रसार केवळ त्याच्या गुणवत्तेवर होत नाही. जुन्या व्यवस्थेत ते किती सहज बसते यावरही होतो. होल्डरने वापरणाऱ्याला आणखी एक अधिकार दिला : दिवा गेला तर केवळ दिवाच बदलण्याचा. छतात बसविल्या जाणाऱ्या अनेक आधुनिक एलईडी पॅनेलांत दिवा व साचा एकजीव असतो आणि एक भाग बिघडताच संपूर्ण वस्तू टाकून द्यावी लागते. युरोपीय संघाने २०१९ साली संमत केलेल्या व सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत, तांत्रिक अडचण नसल्यास प्रकाशस्रोत वेगळा काढून बदलता आला पाहिजे, अशी तरतूद करावी लागली. जी सोय दोन खिळ्यांच्या होल्डरने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ विनासायास पुरविली, ती आता कायद्याने मागावी लागत आहे. भारतात प्रकाशसाहित्याची मानके ठरविताना ऊर्जाबचतीइतकाच या बदलता येण्याच्या सोयीचाही विचार होणे आवश्यक आहे.