डेटा उघडण्याआधी विचारा: दार कोणी वाजवलं होतं?



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्रामीण उपकेंद्राच्या गरोदर मातांच्या नोंदी माझ्या हातात आल्या. सुबक एक्सेल शीट होती. मी एमएस्सी करून आलेली, त्यामुळे सगळ्यात आधी डेटा क्लीनिंगला बसले. मोबाईल नंबरच्या रकान्यात एकच नंबर ३७ वेळा दिसला. डुप्लिकेट समजून मी त्यातल्या ३६ ओळी उडवल्या आणि शीट गाईडना दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "हा नंबर कुणाचा आहे ते पाहिलंस का?"

उपकेंद्रात गेल्यावर कळलं, नंबर तिथल्या आशाताईंचा होता. त्या हसून म्हणाल्या, "अहो ताई, या बायकांकडं कुठला आलाय मोबाईल? घरात असला तरी मालकाच्या खिशात. नंबर टाकल्याबिगर ॲप पुढं जात न्हाई, मग माझाच टाकला."

म्हणजे मी ३६ खऱ्या बायका पुसून टाकल्या होत्या. त्याही अशा, ज्यांना आरोग्यसेवेची सगळ्यात जास्त गरज आहे.

डिजिटल आरोग्यावर संशोधन करायचं असेल तर आधी ॲप, सर्व्हर, एआय शिकावं लागतं असं आपल्याला वाटतं. ते शिकाच. पण त्याआधी आपल्याच शहराचा थोडा इतिहास वाचा, असं मी सांगेन. लोकांकडून आरोग्याची माहिती कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये, याचा मोठा प्रयोग पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

१८९७: बंदुकीच्या धाकानं गोळा केलेली माहिती

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारनं साथरोग कायदा केला. पुण्याच्या प्लेग कमिटीचं अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे आलं. मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. रोगी सापडला की त्याला प्लेगच्या दवाखान्यात न्यायचं, घरच्यांना वेगळ्या छावणीत ठेवायचं आणि घराची साफसफाई करून सामान जाळायचं, अशी पद्धत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर केस फाइंडिंग, आयसोलेशन, क्वारंटाइन. कागदावर सगळं बरोबर.

पण झालं काय? लोक रोगी लपवू लागले. दाराशी सैनिक आले की आजाऱ्याला मागच्या खोलीत हलवायचं आणि मृत्यू झाला तर त्याचं कारण वेगळं सांगायचं. जितकी सक्ती वाढली तितकी नोंद खोटी होत गेली. मित्रांनो, हा 'मिसिंग डेटा' योगायोगानं रिकामा राहिलेला नव्हता. भीतीनं तो रिकामा केला होता. आपली कुठलीही सांख्यिकी पद्धत तो सहजासहजी भरून काढू शकत नाही.

त्यात विज्ञानही अर्धवट होतं. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमोंनं दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे सैनिक माणसं शोधत होते आणि पिसवा निवांत होत्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून परतताना गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो समारंभ ज्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये झाला, ती इमारत म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आपण तिच्यासमोर फोटो काढतो.

याच काळातली एक गोष्ट संशोधकांनी मुद्दाम वाचावी. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचाराचे आरोप तिथल्या वृत्तपत्रात मांडले. सरकारनं पुरावा मागितला. पण रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड सुरू होती, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता. माहिती देणारं कुणी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ज्यानं माहिती दिली त्याला संरक्षण नसेल तर माहिती असूनही नसल्यासारखीच. आज एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना कंटाळा आला की मला ही गोष्ट आठवते.

आणि त्याच मार्चमध्ये, त्याच पुण्यात दुसरी पद्धतही होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांवर उपचार करत होते. मुंढव्याचा एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्यापासून रोगी लपवावा असं कुणाला का वाटलं असतं?

वढू ते ॲप

स्वातंत्र्यानंतर याच जिल्ह्यात विश्वासाच्या वाटेनं माहिती गोळा करायचं काम उभं राहिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला आधी दवाखाना चालवला, गावातूनच आरोग्यसेविका तयार केल्या. २००२ पासून तिथल्या २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद होऊ लागली. क्रम लक्षात घ्या. आधी सेवा, नंतर सर्वेक्षण.

२०२० मध्ये मात्र पुन्हा घाई झाली. एप्रिलमध्ये 'आरोग्य सेतू' आलं. ब्लूटूथवर संपर्क शोधायची कल्पना हुशारीची होती, पण स्मार्टफोन नसलेला माणूस त्यात मोजलाच जात नव्हता. मे महिन्यात कर्मचाऱ्यांना ते सक्तीचं केलं आणि थोड्याच दिवसांत ती सक्ती सैल करावी लागली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. त्यातही मोबाईल ॲप होतंच, पण ते हातात घेऊन ऑक्सिमीटरसह दारोदार फिरल्या त्या आशाताई.

आणि अगदी कालचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. संशयितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. तपास शेवटी दूषित पाण्यापाशी येऊन पोचला. आयटीचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात प्रश्न विहिरीचा आणि क्लोरीनचा होता. डॅशबोर्ड पाणी शुद्ध करत नाही. फार तर कुठलं पाणी तपासायचं ते सांगतो, आणि तेही कुणीतरी घरोघर जाऊन विचारलं असेल तरच.

मग आपण काय करायचं?

सध्या १४ अंकी 'आभा' क्रमांक, ई-संजीवनीवरचा सल्ला, ऑनलाइन आरोग्यनोंदी यांवर भरपूर प्रबंध लिहिले जाताहेत. तुमचाही होईल. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा:

१. ही नोंद करायला दाराशी कोण गेलं होतं, आणि घरच्यांना त्या माणसाची भीती होती की आधार?
२. माहिती दिल्यावर त्या घराला काय मिळालं? औषध, पाणी, की फक्त एक क्रमांक?
३. या तक्त्यात कोण नाही, आणि का नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर संगणकावर मिळत नाही, त्यासाठी एसटीनं जावं लागतं.

माझ्या ३६ ओळी मी परत घातल्या. शेजारी एक नवा रकाना केला, 'स्वतःचा फोन आहे का?' पुढं माझ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा चल तोच ठरला.

तुमच्या डेटात असा पुन्हा पुन्हा येणारा एखादा नंबर असेल, तर डिलीट दाबायच्या आधी जरा थांबा.