उंबरठ्यावरची प्रार्थना

घराबाहेर पाऊल टाकताना म्हणावयाच्या ज्या प्रार्थना इस्लामी परंपरेत रूढ आहेत, त्यांपैकी दोन विशेष परिचित होत. अनस इब्न मालिक यांच्या नावे नोंदलेली पहिली अगदी लहान आहे. अल्लाहचे नाव घ्यावे, त्याच्यावर भरवसा टाकावा आणि त्याच्यावाचून कोणाचेच बळ चालत नाही हे मान्य करावे, एवढ्यात ती आटोपते. दुसरी पैगंबरांच्या पत्नी उम्म सलमा यांनी सांगितलेली आहे. अबू दाऊद (मृत्यू ८८९) आणि तिर्मिझी (मृत्यू ८९२) यांच्या हदीस-संग्रहांत या दोन्ही आढळतात.

पहिल्या प्रार्थनेतील ‘तवक्कुल’, म्हणजे ईश्वरावरील भरवसा, ही कल्पना पुष्कळदा दैववादाशी जोडली जाते. दुसरी प्रार्थना लक्षपूर्वक पाहिली म्हणजे हा समज टिकत नाही. बाहेर पडणारा माणूस वाट चुकणे, पाय घसरणे, जुलूम आणि अविचारी वर्तन या चार गोष्टींपासून आश्रय मागतो. अरबीत यातील प्रत्येक क्रियापद जोडीने येते: आधी ते कृत्य आपल्या हातून न घडो, मग ते आपल्या वाट्याला न येवो. वाटेवरच्या धोक्यांत पहिला धोका आपण स्वतःच आहोत, ही जाणीव या क्रमात आहे.

ही प्रार्थना सांगणाऱ्या उम्म सलमांना घर सोडणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. मक्केतील छळामुळे त्या पतीसह ॲबिसिनियाला गेल्या होत्या. पुढे मदिनेस निघताना माहेरच्यांनी त्यांना अडवून धरले, सासरच्यांनी मूल हिरावून नेले आणि पती एकटेच पुढे गेले. सुमारे वर्षभराने त्यांची सुटका झाली, असे जुने चरित्रकार सांगतात. जुलूम हा शब्द त्यांच्या मुखी आला तो अनुभवाचे ओझे घेऊन. तरीही त्यांनी जपलेल्या प्रार्थनेत, आपल्यावर जुलूम न होवो या मागणीच्या आधी, आपण तो न करो ही मागणी आहे.

प्रयत्न आणि भरवसा यांच्या नात्याचा विचार पुढेही होत राहिला. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, असा उपदेश तिर्मिझींच्या संग्रहात आहे. ६३९च्या सुमारास सीरियाकडे निघालेले खलिफा उमर यांना हिजाझच्या सीमेवरील सर्घ येथे प्लेगची वार्ता कळली आणि ते माघारी वळले. ईश्वरी संकेतापासून पळता काय, असे अबू उबैदा यांनी विचारले. आपण त्याच्या एका संकेताकडून दुसऱ्या संकेताकडेच जात आहोत, अशा आशयाचे उत्तर उमर यांनी दिले. अल्-गझाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या उलूम अद्-दीन’मध्ये तवक्कुलला स्वतंत्र प्रकरण दिले. समोरच्या अन्नाकडे हातही न नेणे हा त्यांच्या मते भरवसा नसून वेडेपणा होय.

तेराव्या शतकात नववी यांनी आपल्या ‘अल्-अझ्कार’ या ग्रंथात या प्रार्थनांना स्थान दिले. आजही त्या अनेक घरांत दाराजवळ लावलेल्या दिसतात. तेथे थांबलेला माणूस फळाची काळजी ईश्वरावर सोपवतो. स्वतःच्या वागण्याचा जाब मात्र त्याच्याकडेच राहतो.